मृगाच्या आधी चार वाकळा

घर बेळगावच्या वडगावातलं. पुढच्या सोप्यात दोन यंत्रमाग, मधल्या खोलीत माणसं, मागं स्वयंपाकघर आणि न्हाणी. सून दुसऱ्यांदा गरोदर, तारीख १४ ऑगस्टची. नवरा मागावर, सासूबाई बासष्टच्या, आणि जूनमध्ये पहिलीत जाणारी सहा वर्षांची मुलगी. पाडव्याला पाच महिने होत आले होते. त्या दिवशी घरात ठरलं की यंदा बाळंतविडा विकत आणायचा नाही, घरीच करायचा. चार छोट्या वाकळा, छत्तीस लंगोट, आठ झबली, खणाची कुंची, मुलीच्या चित्रांचं एक कापडी पुस्तक, आणि माळ्यावरचा जुना पाळणा दुरुस्त करून रंगवायचा.

बेत वाईट नव्हता, पण हिशेब चुकीच्या तारखेवरून केला होता. ऑगस्टच्या मध्यापर्यंत साडेचार महिने आहेत, असं सगळे धरून चालले. प्रत्यक्षात या कामाची तारीख मृगाची असते, ७-८ जूनची. बेळगावात एकदा पाऊस धरला की चार पदरी वाकळ आतून वाळत नाही, धुतलेल्या लुगड्याला कुबट वास लागतो आणि पॉलिश पांढुरकं पडतं. सातव्या महिन्यानंतर बाईच्या पाठीला आणि पायांना जमिनीवरचं बसणं सोसत नाही, ते वेगळंच. म्हणजे हातात साडेचार महिने नव्हते, दहा आठवडे होते. या घराचं जे काही बिनसलं, ते या एका फरकातून बिनसलं.

सुरुवात झाली तीच एका हरकतीपासून. बाळ येण्याआधी त्याच्यासाठी नवं काही शिवू नये, आधी कुणाचं तरी वापरलेलं अंगावर घालावं, ही समजूत या भागात अजून घट्ट आहे आणि सासूबाईंचीही होती. यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. मूल गेल्याचं दुःख पाहिलेल्या बायकांची ती सावधगिरी आहे, आणि वापरलेलं कापड मऊ असतं हा तिचा रोकडा फायदाही आहे. तोड सुनेच्या माहेरून निघाली. तिचं माहेर खानापूर तालुक्यातलं, शेजारी सिद्दींची, म्हणजे मूळच्या आफ्रिकी समाजाची, वस्ती. सिद्दी बायका जी कवंद, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात तिच्या चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून केलेले छोटे त्रिकोणी थर बसवतात. त्यांना फुला म्हणतात, आणि फुला नसलेली कवंद त्यांच्या लेखी उघडी. ठरलं असं की वाकळेच्या तीन कोपऱ्यांना फुला लावायच्या आणि चौथा कोपरा रिकामा ठेवायचा. वाकळ अपुरी, म्हणजे बाळासाठी ‘केलेली’ नाहीच. सासूबाईंनी हे मान्य केलं आणि स्वतःच ट्रंक उघडली.

ट्रंकेतून तीन सुती नऊवारी निघाली, त्यांतलं एक इरकली. सोबत चार धोतरं. आणि डांबरगोळ्यांचा भपकारा.

“आत्ती, वास येऊलालाय की हो.”

“धुतल्यावर जाईल गं. आजवर कुणाला काय झालंय?”

सासूबाईंचं म्हणणं बहुतेक बाळांच्या बाबतीत खरं ठरतं. पण ज्या बाळाच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर कमी असतं, त्याला डांबरगोळीतल्या नॅफ्थलीनमुळे तांबड्या पेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते. नॅफ्थलीन कपड्यांतून त्वचेवाटे आणि श्वासावाटे जातं, तेल लावलेल्या अंगातून तर जास्तच. आपल्या बाळात ती कमतरता आहे की नाही, हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून तान्ह्याच्या कपड्यांच्या आसपास डांबरगोळी नकोच. गोळी उडून जाणारी असल्यामुळे उपायही साधा आहे. कापड आधी कोरडंच दोन-तीन दिवस उन्हावाऱ्यावर, घडी न घालता, दांडीवर मोकळं टाकायचं. मग गरम पाण्यात साबण घालून रात्रभर भिजवायचं, दोनदा धुवायचं, परत उन्हात. वाळल्यावर घडी करून तासभर बंद डब्यात ठेवायचं आणि उघडून हुंगायचं. वास आला तर पुन्हा पहिल्यापासून. या घरात तीन फेऱ्या लागल्या. त्यात वळवाने दोनदा दुपारी चारच्या सुमारास दांडीवरचं सगळं भिजवलं, आणि आठ दिवस गेले. पुढच्या साठवणीला सासूबाईंनी वाळवलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवला.

इरकलीच्या तांबड्या काठानं आणखी एक धडा दिला. रंग जातो की नाही हे धुऊन बघायचं नसतं, कारण तोपर्यंत शेजारच्या धोतराची वाट लागलेली असते. पांढरी ओली चिंधी काठावर ठेवून वरून गरम इस्त्री दहा सेकंद दाबायची. चिंधीवर गुलाबी डाग आला, म्हणजे तो काठ बाळाच्या तोंडाशी नको. इथे आलाच. काठ पदरासकट कापून बाजूला ठेवले आणि मधलं अंग तेवढं घेतलं. शिवाय वडगाव-शहापूर भागात घराघरांत साड्यांचे तुकडे पडलेले असतात आणि तेच वाकळेत घालायचा मोह होतो. धाग्याचं टोक जाळून बघावं. कागदासारखं जळून राख झाली तर सुती, वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. कृत्रिम रेशीमसुद्धा कागदासारखंच जळतं, तेव्हा चकाकी आणि हाताला लागणारी सुळसुळ यावरही नजर हवी. मणी झालेलं घाम-लघवी नीट टिपत नाही, आणि सुळसुळणारं टिपतं पण ओलं झालं की कमजोर पडतं.

नवऱ्याचीही एक कल्पना होती, मागावरच बाळासाठी खास दुपटं विणायची. ती तासाभरात बारगळली. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, कृत्रिम रेशमाचा चढलेला, तीन-चार हजार तारा. दोन मीटर कापडासाठी तो उतरवून सुती ताणा भरणं परवडत नाही, आणि नुसता बाणा, म्हणजे आडवा धागा, सुती घातला तरी अर्धं कापड सुळसुळीतच राहतं.

आता कापण्याचा हिशेब. वाकळ ठरली ९० बाय ७५ सेंटिमीटर, चार पदरी. नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटर लांब, पण नेसून बसण्याच्या जागी आणि ओच्याकडं विरलेलं. उजेडापुढं धरून विरलेले भाग टाकले, तर प्रत्येकातून पाच मीटर चांगलं निघालं. ९० सेंटिमीटरचे पाच तुकडे, तीन लुगड्यांचे पंधरा. चार वाकळांना पदर लागतात सोळा. धोतर कापायचं नव्हतं, ते लंगोटांसाठी होतं. बाकीच्या दोन लुगड्यांचा पन्हा ११५ असल्यामुळे ७५ कापल्यावर प्रत्येक तुकड्यामागे ४० सेंटिमीटरची पट्टी उरत होती. तसल्या दोन पट्ट्या जोडून ७८ भरलं आणि सोळावा पदर झाला. जोड आतल्या पदरात घ्यायचा, शिवण दोन्हीकडं उघडून इस्त्रीनं बसवायची. तशीच सोडली तर पाठीला कणा लागतो.

शिवण्यात सासूबाईंची रीत काठापासून आत, चौकोनी फेऱ्यांची. रीत चांगली, पण कच्चे टाके न घालता बसलं की प्रत्येक फेरी कापड थोडंथोडं आत ढकलते आणि शेवटी मधोमध फुगा उरतो. पहिल्या वाकळेत तोच उरला, हाताच्या पंजाएवढा. उसवून पुन्हा घालावी लागली. दुसरीपासून आधी चारी पदर ओलसर करून जमिनीवर ताणून पसरले, मध्यापासून बाहेर अधिक-चिन्हासारखे आणि मग फुलीसारखे लांब कच्चे टाके घातले, नंतर काठाकडून सुरुवात केली. फेऱ्यांत अंतर दीड सेंटिमीटर. त्या मापानं धावदोरा भरतो ४५ मीटर. कापडात खाली-वर जाणारा दोरा धरून ५२, दुहेरी दोऱ्यानं साधारण १०५ मीटर. टाके साडेचार हजारांच्या घरात, सरावलेल्या हाताला दहा-बारा तास. ज्यांना ‘दोन संध्याकाळी होईल’ वाटतं, त्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

दोरा दीड मीटरच तोडायचा, दुहेरी करून पाऊण मीटर. लांब दोऱ्यानं सुई कमी वेळा ओवावी लागते, पण गुंता होतो आणि शेवटचा भाग झिजून तुटतो. म्हणजे एका वाकळेला सत्तर वेळा सुई ओवणं आलं, आणि सासूबाईंना सुईचं नाक दिसत नाही. इथंच मुलीला खरं काम मिळालं. मोठ्या मुलाला ‘तू आता ताई होणार’ असं दिवसातून वीसदा सांगून काही होत नाही. ज्याच्यावाचून घर अडतं असं एक काम द्यावं. रोज सकाळी ती दहा सुया ओवून साबणाच्या वडीत टोचून ठेवायची. साबणामुळे सुई कापडातून सुळकन जाते. दहा सुया रोज, सात दिवसांत वाकळ.

संध्याकाळी आज्जी सुया परत देई आणि ती मोजून डबीत ठेवी. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी नऊच भरल्या. तिने दोनदा मोजल्या, मग आज्जीच्या पदरात, चटईखाली, साबणाच्या मागं पाहिलं. आज्जी म्हणाली, “असंल की कुठंतरी.” पोरगी हलेना. शेवटी वडिलांनी जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक आणून वाकळेवरून सावकाश फिरवला. तिसऱ्या कोपऱ्याशी टक् झालं. सुई फुलाच्या घडीत आडवी शिरली होती, बाहेर ना नाक ना टोक. सुया मोजण्याचा नियम तान्ह्याच्या शिवणकामात सगळ्यात वरचा, आणि तो सहा वर्षांच्या मुलाकडं दिला तर मोठ्यांपेक्षा नीट पाळला जातो.

सुनेच्या वाट्याला वाकळ फारशी आली नाही, आणि ते बरोबरच. मांडी घालून वाकून बसायचं ते एका वेळी अर्धा तास, मग उठून चार पावलं चालायचं, असं बंधन घातलं होतं. गरोदरपणात हाताला मुंग्या येणं नेहमीचं आहे आणि जाड कापडातून सुई ओढल्यानं ते वाढतं. तिने खुर्चीवर बसून होणारं काम घेतलं, झबल्यांच्या कडेला कशिदा. धारवाडी कशिद्याचे चार टाके: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. बाळाच्या कपड्याला यातला गवंतीच बरा. कशिद्यात गाठ मारत नाहीत, त्यामुळे आतून टोचत नाही, आणि गवंती दोन्हीकडून सारखा उतरतो. नेगीत उलट्या बाजूला लांब धागे सुटतात, त्यांत बोट अडकतं. मलमलीवर धागे मोजता येत नाहीत म्हणून वर जाळीचं कापड टाचून टाके घालायचे आणि मागाहून जाळीचे धागे ओढून काढायचे. झबल्यांना बटणं नाहीत, पुढून बांधायचे बंद, तेही आखूड. डोकं दुखून डोळ्यांपुढं अंधारी आली, तोंड-हात सुजले किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर सुई तिथंच ठेवून दवाखाना, एवढं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. दर महिन्याच्या ९ तारखेची सरकारी तपासणी तिने चुकवली नाही. त्या दिवशी शिवण बंद.

लंगोटांचं काम सरळ गेलं. साडेचार मीटर बाय १२० चं धोतर, ६० चा चौकोन, एका धोतरात चौदा. तीन धोतरांत बेचाळीस निघाले. पावसाळ्यातल्या बाळाला छत्तीससुद्धा कमीच. कडा मशीनवर पाच मिलिमीटर दुमडायच्याच. न दुमडलेल्या कडेचा धागा सुटून पायाच्या बोटाला आवळला जातो आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही.

पाळण्याचं प्रकरण मात्र गंभीर होतं. सागवानी पाळणा, तीन पिढ्यांचा, त्यावर ऑइलपेंटचे चार-पाच हात. हिरवा, त्याखाली पिवळा, त्याखाली तांबडा. नवऱ्याने रविवारी तो मधल्या खोलीच्या दाराशी मांडला आणि पॉलिश पेपर हातात घेतला. सुदैवानं तेवढ्यात दिवे गेले आणि काम राहिलं. भारतात घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत ठेवण्याचा नियम २०१६ चा, लागू झाला २०१७ च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीच्या रंगात, विशेषतः पिवळ्या-तांबड्या-हिरव्यात, शिसं आहे असंच धरून चालावं. कोरडं घासलं की त्याची बारीक धूळ घरभर बसते. गरोदर बाईच्या पोटात गेलेलं शिसं वारेतून बाळापर्यंत पोचतं, आणि रांगणारं मूल तीच धूळ पुढं वर्षभर बोटांनी तोंडात घालतं. ज्योतीनं रंग जाळून काढणं त्याहून वाईट. साधा कापडी मास्क इथं कामाचा नाही.

पाळणा सुताराच्या आवारात गेला. तिथं प्लास्टिक अंथरून, पाणी मारत ओलाच खरवडला, खरवड पिशवीत बांधली, कपडे वेगळे धुतले. त्या आठवड्यात सून माहेरी होती. रंग निघाल्यावर दुसरी गोष्ट दिसली. दांड्यांमधली फट. दोन खांबांतलं अंतर ८६ सेंटिमीटर, दोन सेंटिमीटर जाडीच्या आठ दांड्या, म्हणजे नऊ फटी, प्रत्येकी पावणेआठच्या वर. फट सहा सेंटिमीटरपेक्षा मोठी नको. बाळाचं अंग त्यातून घसरतं आणि डोकं अडकतं. थंड पेयाचा पत्र्याचा जाडा डबा उभा धरून फटीतून गेला तर फट मोठी समजावी. दहा दांड्या घातल्या की फट नेमकी सहा भरते. लाकूड पावसाळ्यात-उन्हाळ्यात हलतं, म्हणून अकरा घेतल्या, फट आली ५.३. जुन्या पट्टीला नवी भोकं पाडली तर ती जुन्या भोकांशेजारी येऊन पट्टी चिरते, तेव्हा वरच्या-खालच्या चारही पट्ट्या नव्या कराव्या लागल्या. एवढ्यात मे संपला.

वरून रंग न देता चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश द्यायचं ठरलं. लिटरभर स्पिरिटमध्ये सव्वाशे ग्रॅम चपडा, रात्रभर विरघळवून, गाळून, कापडाच्या बोळ्यानं चार हात. पहिले दोन उत्तम बसले. तिसरा हात ६ जूनला, ढगाळ दमट हवेत दिला आणि पाळणा दुधाचा हात फिरवल्यासारखा पांढरा झाला. स्पिरिट उडताना हवेतला ओलावा धरतं, त्याचं हे रूप. पुढं चार दिवसांनी कोरडी उघडीप मिळाल्यावर नुसत्या स्पिरिटचा बोळा हलकासा फिरवून ते निघालं, पण चौथा हात दिलाच नाही. टांगल्यावर कडीला आणि दोराला पंधरा किलोचं तांदळाचं पोतं घालून रात्रभर ठेवलं, झोके दिले, सकाळी गाठ सरकली नाही हे पाहिलं.

डोहाळजेवण मेच्या अखेरीस झालं. शेजारच्या कानडी बायका त्याला कुबसच म्हणत होत्या. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, ओटी, आणि भेटींत अकरा नवी झबली, त्यातली सात एकाच मापाची. कोण काय आणणार हे आधी वाटून दिलं असतं तर लंगोट वाळवायला दुसरी दांडी तरी मिळाली असती.

कापडी पुस्तक सहा पानांचं, १५ बाय १५, चित्रं मुलीची, वरून देठटाका. प्रत्येक चित्राखाली मराठी आणि कानडी शब्द, कारण घरात एक भाषा आणि दारात दुसरी. मांजर–बेक्कु, कुत्रा–नायी ठीक झालं. गायीवर गाडी अडली. पुस्तकात हसु लिहितात, शेजारीण आकळ म्हणते. मुलीनं आकळ ठेवलं. आमच्या मते बरोबर केलं, कारण बाळ पुस्तकातली गाय ऐकणार नाही, दारातली ऐकणार आहे.

मृग लागला तेव्हा हिशेब असा होता: वाकळा अडीच, लंगोट पूर्ण, झबली पाच, पाळणा पांढुरका. चौथ्या वाकळेचे पदर घडी करून बाजूला ठेवले आणि तिचं नाव काढायचं नाही असं ठरलं. तिसरी जूनमध्ये शिवून झाली, पण मग ती धुतलीच नाही. शिवणाऱ्यांनी रोज हात धुऊन, स्वच्छ चादरीवर काम केल्यामुळे ते चाललं. खणाची कुंची सगळ्यात शेवटी झाली. जर कपाळाला कापते म्हणून अस्तराची मलमल कडेवरून एक सेंटिमीटर बाहेर वळवून घेतली.

ऑगस्टच्या गारठ्यात खरा वाद झाला तो पांघरुणाचा. सासूबाईंना वाकळ बाळाच्या अंगावर हवी होती, वर मोहरीची उशीही. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवायचं ते पाठीवर, घट्ट सपाट गादीवर, उशी नाही, सुटं पांघरूण नाही, कारण तोंडावर आलेलं कापड त्याला बाजूला करता येत नाही. थंडी वाटली तर अंगात एक झबलं जास्त. मग साडेचार हजार टाक्यांची वाकळ कशाला, हा प्रश्न रास्त आहे. ती तेल लावायला, कोवळ्या उन्हात धरायला, पालथं खेळवायला, मांडीवर घ्यायला. झोपेला नाही. सासूबाईंनी वाकळ पाळण्याच्या कठड्यावरून काढली आणि आपल्या मांडीवर पसरली. उशी माळ्यावर गेली.

बाळ तारखेच्या सहा दिवस आधी आलं. मुलगा. पाचवी झाली, आणि बारशाच्या आदल्या दिवशी घुगऱ्यांचे हरभरे भिजत घातल्यावर आज्जी आणि नात चौथ्या कोपऱ्याच्या फुला घेऊन बसल्या. इरकलीचा तांबडा काठ मुलीला हवा होता. तो रंग सोडतो म्हणून नाही म्हटलं, धोतराचा पांढराच लावला. सुया दोनच काढल्या होत्या. संध्याकाळी दोन परत डबीत गेल्या.